फुलांत बसून काढलेली चित्रे

शिंदे सरकारांचे कण्हेरखेड साताऱ्याकडचे. शरदात तिकडे जाणारी आपली ग्वाल्हेरची मंडळी कासच्या पठारावरही हिंडून येतात. छायाचित्रे अवश्य काढावीत. परंतु फुलांत बसून काढलेले चित्र कोणी मला कौतुकाने दाखवू नये. तेथे जांभ्या दगडावर मातीचा नुसता पापुद्रा. तीत सत्त्व नाही, म्हणून सीतेची आसवे हे इवले जांभळे रोप किडे धरून जगते. टोपली कारवी तर सात वर्षांनी फुलते. ती बी धरण्याआधीच तुडवली, तर २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर लाभलेला जागतिक वारशाचा मान काय कामाचा? तंबोऱ्याला पाय लागला, तर आमचे दरबारी गवई वडील त्या दिवशीची तालीम बंद करीत! सकाळच्या तिरप्या उन्हात पायवाटेवरच गुडघे टेकावेत. कडेची फुले चित्राला पुरतात.