पुनर्वसनाचे ध्येय नेमके कोणाचे?

“आता तो शांत असतो, गोळ्या वेळेवर घेतो, कुणाला त्रास देत नाही.” तीव्र मानसिक आजारातून सावरणाऱ्या मुलाविषयी आईवडील असे सांगतात, तेव्हा त्यांचा सुटकेचा निःश्वास समजण्यासारखा असतो. पण या वाक्यात घराची सोय आहे, दवाखान्याचीही आहे. त्या मुलाला काय हवे, हे मात्र कुठेच नाही.

छिन्नमनस्कतेतील भास आणि संशय औषधांनी पुष्कळदा आटोक्यात येतात. खचलेली उमेद, माणसांपासून तुटलेपण, विस्कटलेली एकाग्रता मात्र औषधांना तितकी दाद देत नाहीत. पुनर्वसनाचे खरे काम येथे सुरू होते. सातारा, गोवा आणि तमिळनाडू येथील २८२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. रुग्णालयातील उपचारांना प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांची जोड दिल्यावर वर्षभरात लक्षणे व अक्षमता काहीशी अधिक घटली. लाभ माफक होता; म्हणूनच त्या मदतीचा रोख कोठे असावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडे अक्षमता मोजणारी ‘आयडियाज’ ही मोजपट्टी स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार अंगे तपासते. ती उपयुक्त आहे, पण उणिवांची मोजदाद म्हणजे ध्येय नव्हे. ‘काम’ या रकान्यातील गुण सुधारावेत, हे आपले ध्येय झाले. आठवडी बाजारात एकट्याने जाऊन भाजी आणावी, हे त्याचे असू शकते.

“विचारले तर ‘काही नको’ म्हणतो,” ही अडचण खरी आहे. मात्र इच्छा मावळणे हे आजाराचेच लक्षण असल्याने ते उत्तर अंतिम मानता येत नाही. आजारापूर्वी काय आवडत असे, हे विचारावे. पंधरा दिवसांत जमेल एवढेच पाऊल ठरवावे. ते जमले नाही, तर पाऊल लहान करावे. माणसाला दोष देऊ नये.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १९ ने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क प्रत्यक्षात अशा लहान पावलांनीच उतरतो. म्हणून पुनर्वसनाच्या प्रत्येक आराखड्याची पहिली ओळ रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत असावी. ती कोरी असेल, तर आराखडा अजून सुरूच झालेला नाही, असे समजावे.