सोबत्याची चूक

संगणकावरील सांघिक खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, असें पुष्कळ पालक म्हणतात. आम्हीहि म्हणत होतों. परंतु योहान सुंडस्टाइन या डॅनिश खेळाडूची हकीकत वाचल्यापासून आमचें मत थोडें बदललें आहे.

‘डोटा २’ या खेळांत पांच-पांच गड्यांचे दोन संघ लढतात. सुंडस्टाइननें २०१५ सालीं ताल ऐझिक या जुन्या मित्रासह ‘ओजी’ हा संघ उभारला. त्यानें चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढें २०१८ सालीं, ऐन जागतिक स्पर्धेच्या तोंडावर, तोच मित्र आणखी एका गड्यासह प्रतिस्पर्धी संघांत गेला. मग संघाचा मार्गदर्शकच गडी झाला. विश्रांति घेत असलेला जुना सोबती परतला. एक नवखा मिळाला. खुल्या पात्रता-सामन्यांपासून आरंभ करून या पांचांनीं त्याच ऑगस्टमध्यें व्हँकूव्हर येथें अजिंक्यपद पटकाविलें आणि २०१९ सालीं शांघाय येथें पुनः तेंच! तें दोनदां मिळविणारा हा पहिलाच संघ.

हें केवळ बोटांच्या चपळाईचें फळ नव्हे, असें आम्हांस वाटतें. मोडलेला संघ पुनः उभा राहतो तो परस्परांवरील विश्वासानें. सोबत्याच्या चुकीवर तोंडसुख घेणारा गडी, कितीहि निष्णात असो, संघ बुडवितो.

रात्रीं जागून अभ्यास बुडविणाऱ्यास मात्र या कथेचा आधार घेतां येणार नाहीं. असा विजय लाखांत एकास लाभतो. पालकांनीं मुलगा किती वेळ खेळतो हें अवश्य पाहावें. पण हरल्यावर तो सोबत्यांशीं कसा बोलतो, हेंहि कान देऊन ऐकावें.