पेन्सिलीच्या आधी चिंचोके

डिसेंबर-जानेवारी आला की कौसा-मुंब्रा असो, ठाण्याची राबोडी असो की कल्याणची जुनी वस्ती, घराघरांत एकच बोलणे सुरू होते. नर्सरीचा फॉर्म कुठला भरायचा? मूल जेमतेम अडीच वर्षांचे असते. फी किती, व्हॅन दारात येते का, बाई इंग्रजी बोलतात का, हे सगळे विचारून होते. तिथे मूल तीन तास नेमके काय करते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

एका आईने मध्यंतरी आम्हांला तिच्या मुलाची वही आणून दाखवली. वय साडेतीन वर्षे. एका पानावर ए-बी-सी, दुसऱ्यावर अलिफ-बे, तिसऱ्यावर अ-आ. खाली शेरा, 'लिखाणात मागे आहे.' हाच मुलगा घरी दादीशी कोकणीत न थांबता बोलतो, रस्त्यावरची प्रत्येक गाडी ओळखतो. शाळेत मात्र तोंड उघडत नाही. 'घरी इंग्रजीच बोला' असा सल्ला मिळाल्यापासून घरचे त्याच्याशी अडखळत इंग्रजी बोलू लागले आणि दादी गप्प झाली. वहीतल्या वेड्यावाकड्या अक्षरांपेक्षा दादीचे गप्प होणे आम्हांला जास्त लागले. साडेतीन वर्षांच्या मुलाला नव्या शब्दांची शिदोरी देणारे घरातले सर्वांत मोकळे माणूसच आपण बाजूला बसवले.

आता त्या अक्षरांविषयी. जन्मतः मुलाच्या मनगटात हाडे नसतात, मऊ कूर्चा असते. तिथली आठही हाडे तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. साडेतीन वर्षांच्या हाताला चार रेघांत अक्षर बसवायला सांगणे म्हणजे काय, याचा विचार करावा. त्यात आपल्या मुलांना तीन लिप्या. इंग्रजी आणि मराठी डावीकडून चालतात, उर्दू उजवीकडून. मोठेपणी ही दौलतच आहे, आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणून खात्रीने सांगतो. पण तिन्ही लिप्या एकाच वेळी वहीत उतरवण्याचे हे वय नव्हे.

मग या वयात करायचे काय? बे, पे आणि ते ही अक्षरे घ्या. होडी एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. बेच्या खाली एक, पेच्या खाली तीन, तेच्या वर दोन. हा फरक डोळ्यांना दिसायला हवा तर आधी वर-खाली, एक-दोन-तीन, सारखे-वेगळे हे हातांनी अनुभवलेले असायला हवे. ज्या मुलाने चिंचोके आणि सीताफळाच्या बिया वेगळ्या केल्या, बाटल्यांची झाकणे रंगांप्रमाणे लावली, कणकेचे साप वळले, त्याला पुढे नुक्ते शिकवायला आम्हांला फार कष्ट पडत नाहीत. ज्याने फक्त गिरवले, तो पहिलीतही बे आणि पेमध्ये अडकतो.

जुन्या घरांत बिस्मिल्लाहख्वानी चार वर्षे, चार महिने, चार दिवसांनी होई. तो रिवाज होता, फर्ज नव्हे. पण त्या आधीची चार वर्षे मूल अंगणात, मातीत आणि नानी-दादीच्या गोष्टींत वाढे, आणि कोणी त्याला मागे पडलेले म्हणत नसे.

हे शास्त्र परदेशातून आले असे वाटत असेल तर आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याकडे पाहावे. डहाणूजवळचे बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे, पण 2014 पर्यंत ते ठाण्यातच होते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. 1945 मध्ये त्यांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डीत बालवाडी सुरू केली. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांच्या नावाने बोटे मोडली नाहीत, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधने कुठून आणणार? म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. 1957 पासून काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली.

सरकारची अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वशिक्षण हा तिच्या मूळ सहा सेवांपैकी एक भाग आहे. आपल्या वस्त्यांत मात्र अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि लसीकरण, एवढेच लोकांच्या डोक्यात बसले आहे. जागा लहान असते, साहित्य अपुरे असते, हे खरे. तरीही गल्लीतल्या अंगणवाडीत ताई मुलांच्या बोलीत गोष्ट सांगत असेल, तर ती दहा हजारांच्या नर्सरीपेक्षा बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोंबिवली-कल्याणहून सकाळची लोकल पकडणाऱ्या आयांना अंगणवाडीची वेळ पुरत नाही. त्यांना पाळणाघर लागतेच. तिथेही हीच पारख चालेल.

जागा पाहायला जाल तेव्हा भिंतीकडे बघा. तीस मुलांचे तीस आंबे एकसारखे पिवळे असतील तर ते बाईंनी रंगवले किंवा रंगवून घेतले. एखादा आंबा निळा असेल, एखाद्याला पाय फुटलेले असतील, तर तिथे मुलाला सुचू देतात. चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावली आहेत की पालकांच्या, हेही पाहा. मग थोडा वेळ दाराशी उभे राहून ऐका. फक्त बाईंचाच आवाज येत असेल तर तिथे थोडा विचार करा.

घरी खर्च काहीच नाही. एक डबा, त्यात चिंचोके, झाकणे, कापडाचे तुकडे. डाळ निवडताना मुलाला शेजारी बसवा आणि दादीला बोलू द्या. एवढे मात्र सांभाळा, तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती बिया देऊ नका, ती तोंडात घालतात आणि घशात अडकतात. त्यांच्यासाठी वाट्या, चमचे आणि कणकेचा गोळा पुरेसा आहे.