घरे मोजली, भाडे कोण मोजणार?

प्रधानमंत्री आवास योजनेची शहरी शाखा जून २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा शहरांना २ कोटी घरे हवीत, असे सरकारच सांगत होते. पुढे राज्यांकडून मागणी मागवली गेली आणि गरज १ कोटी १२ लाखांवर आली. मंजुरी त्याहूनही अधिक, सुमारे १ कोटी १८ लाख घरांना मिळाली. म्हणून गरज भागली, असे सांगितले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याच्याकडे कागदपत्रे आहेत त्याचीच मागणी नोंदली जाते. सर्वाधिक घरे ज्या घटकात मंजूर झाली, त्यात तर जागा लाभार्थ्याच्या मालकीची लागते. गोवंडीत पोटभाड्याने राहणारे कुटुंब या हिशेबात येतच नाही.

अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी घरटंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख ठरवली होती. त्यातली जवळपास दीड कोटी कुटुंबे दाटीवाटीत राहणारी होती: डोक्यावर छप्पर आहे, पण नवराबायकोला वेगळी खोली नाही. ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्याच वाट्याची होती.

काही जण उलट टोक गाठतात. २०११ च्या जनगणनेत शहरांत १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली, एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार. मग टंचाई कसली, असे ते विचारतात. पण ज्याला घर हवे त्याच्या हाती ही कुलपे उघडण्याइतका पैसा नाही. नुसती घरे वाढली की किंमत आपोआप खिशाला झेपेल, हा समज मात्र या आकड्याने खोटा ठरतो.

किमतीचेच पाहू. वस्तू व सेवा कराच्या सवलतीसाठी ४५ लाखांपर्यंतचे घर ‘परवडणारे’ मानले जाते. दुर्बल गटाची उत्पन्नमर्यादा मुळात वर्षाला ३ लाख होती. २०२३ मध्ये मुंबई महानगर प्रदेशापुरती ती ६ लाख झाली. ही वाढीव मर्यादा धरू, म्हणजे महिना ५० हजार. ४५ लाखांपैकी ९ लाख रोख भरले आणि ३६ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर हप्ता ३१ हजारांच्या वर जातो. उरलेल्या १९ हजारांत किराणा, शाळेची फी, लोकलचा पास आणि आजारपण. महिना २५ हजार मिळवणाऱ्याचा तर सगळा पगार हप्त्यालाही पुरत नाही. ही व्याख्या बिल्डरच्या सोयीची आहे, भाडेकरूच्या नाही.

खर्चाची दिशाही तशीच राहिली. वर्षाला १८ लाख कमावणाऱ्यापर्यंत व्याजसवलत पोचली. जिला बँक दारात उभी करत नाही त्या घरकाम करणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग? शिवाय घर दिले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे माहुलला नेली, ती सरकारी नोंदीत पुनर्वसित झाली. तिथल्या प्रदूषणामुळे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्यांच्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडे द्यायला सांगावे लागले.

‘सरकारने काय घरमालक व्हायचे?’ असा आक्षेप येतो. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी सरकारनेच भाड्यासाठी बांधल्या. खोल्या १६० चौरस फुटांच्या, गैरसोयी भरपूर. तरीही पिढ्यान्‌पिढ्या कामगार कामाच्या जवळ, कर्जाशिवाय राहिले. आज त्याहून मोठ्या आणि चांगल्या सार्वजनिक भाडेघरांवर, रेल्वे स्थानकांजवळच्या सरकारी जमिनीवर, पैसा लागला पाहिजे. २०२० मध्ये स्थलांतरित मजूर पायी गावी निघाले तेव्हा सरकारलाही भाडेघरांची योजना आणावी लागली. पण तिला हक्काची जमीन आणि पुरेसा निधी हवा.

आणि मोजणी बदलली पाहिजे. ताबा दिल्यानंतर वर्षभराने त्या घरात कोण राहते, हे प्रत्येक प्रकल्पासाठी जाहीर व्हावे. जनगणनेच्या घरयादीत घर मालकीचे की भाड्याचे हे विचारतात, भाडे किती हे विचारत नाहीत. नमुना पाहणीत भाडे नोंदवले जाते, पण तिच्यावरून एका वॉर्डाचे चित्र निघत नाही. भाड्याचा हा एक प्रश्न घरयादीत यावा आणि त्याची उत्तरे वॉर्डनिहाय प्रसिद्ध व्हावीत.