चांदीचा टंच सिद्ध करणे हे विक्रेत्याचे काम



सणासुदीच्या तोंडावर चांदी ओळखण्याचे घरगुती उपाय सगळीकडे फिरू लागतात. चुंबक लावा, वर बर्फ ठेवा, कापडावर घासा. यातून ग्राहकाला खोटा दिलासा मिळतो, म्हणून हे पत्र.

चुंबकाला लोखंड चिकटते; तांबे, पितळ किंवा जर्मन सिल्व्हर चिकटत नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. त्यात चांदी नसतेच. चांदीवर बर्फ झपाट्याने वितळतो हे खरे, पण तांबेही उष्णता जवळपास तितक्याच वेगाने वाहून नेते. मुलामा दिलेली तांब्याची वाटी ही परीक्षा सहज पास होते. कापडावरचा काळा डाग फक्त वरच्या थराबद्दल बोलतो. परीक्षेसाठी नायट्रिक ॲसिड तर घरात आणूच नये.

त्यातल्या त्यात बरी परीक्षा घनतेची. शंभर ग्रॅम शुद्ध चांदी सुमारे साडेनऊ ग्रॅम पाणी बाजूला सारते, तेवढेच जर्मन सिल्व्हर साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे भरीव वस्तू सरळसरळ बनावट असेल तर ती पकडता येते. पण चांदीत वीस टक्के तांबे मिसळले, तर फरक पडतो ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो दिसणार नाही, आणि फसवणूक बहुधा तिथेच, टंचात म्हणजे शुद्धतेच्या प्रमाणात होते. पैंजण किंवा निरांजन मोडीत काढायला नेल्यावर ती उघडी पडते, तोवर पावतीही हरवलेली असते.

सोन्याला २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळू लागला, तोही ऐच्छिक. जोडवी, वाळे, ताम्हण घेणारी माणसे बहुतेक मध्यमवर्गीय आणि कष्टकरी. सोने घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते त्यांना का नसावे? हुपरी आणि खामगावच्या प्रामाणिक कारागिरांचाही यात फायदाच आहे, कारण हलक्या टंचाच्या स्वस्त मालाशी त्यांना स्पर्धा करावी लागते.

भारतीय मानक ब्युरोने चांदीचा हॉलमार्क सक्तीचा करावा. तोवर ग्राहकांनी हॉलमार्क असलेलाच माल मागावा, एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासावा आणि पावतीवर टंच, वजन व मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. टंच लिहून द्यायला जो दुकानदार तयार नाही, त्याच्याकडून चांदी घेऊ नये.

– एक ग्राहक, अकोला