खताचे पाणी विहिरीत परतू देऊ नका

जलजीवन मिशनमुळे २०१९ पासून गावोगावी नळ पोहोचले. तरी वस्तीवरची अनेक घरे आजही शेतातल्या विहिरीचे, बोअरवेलचेच पाणी पितात. त्याच पाइपवर ठिबकची व्हेंच्युरी असते. वीज गेली, पंप थांबला, की पाइपमधले पाणी मागे फिरते आणि युरियाचे द्रावण विहिरीत उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याला रंग-वास नाही, उकळूनही ते जात नाही. तान्ह्या बाळांना सर्वाधिक धोका. म्हणून पंप आणि व्हेंच्युरीच्या मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह व एअर व्हॉल्व्ह बसवा, दर हंगामाआधी तपासा. फवारणीची टाकी भरताना नळी द्रावणात बुडवू नका. नळयोजनेच्या पाण्याची तपासणी होते. शेतातल्या पंपावर लक्ष तुम्हालाच ठेवायचे आहे.