नकाशावरची आपली अक्षरे

‘रत्नागिरी’ हा शब्द आपण मुलांकडून पाटीवर गिरवून घेतो. पण वेबवरच्या काही नकाशांत तोच शब्द मोडलेला दिसतो. ‘त्न’चे जोडाक्षर सुटते, ‘गि’ची वेलांटी ‘ग’च्या आधी न पडता नंतर पडते. उर्दूची गत याहून वाईट. जोडून लिहायची हरफे सुटी पडतात आणि उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ उलटी होते.

कारण साधे आहे. नकाशा काढणारा प्रोग्रॅम एकेक अक्षर सुटे चित्र समजून ओळीने मांडतो. इंग्रजीचे त्यावर भागते. आपल्या लिप्यांत मात्र शेजारी पाहून अक्षराचे रूप बदलते.

‘मॅपलिब्रे’ हा नकाशांचा असाच एक मुक्त प्रोग्रॅम. मुक्त म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. डिसेंबर २०२० मध्ये ‘मॅपबॉक्स’ कंपनीने आपल्या प्रोग्रॅमचा परवाना बदलला, तेव्हा जुनी खुली आवृत्ती घेऊन इतरांनी हे काम पुढे चालवले. अरबी-उर्दूसाठी वेगळे प्लगइन आहे. ते जोडले की हरफे जुळतात. देवनागरीची अडचण मात्र अनेक वर्षे रेंगाळली. ती ज्यांच्या डोळ्यांना खुपते, ते आपण वाचणारेच ना?

आमची एक माजी विद्यार्थिनी संगणकाचे शिक्षण घेते. तिने आधी मोडकी नावे चित्रासह नोंदवली. मग मूळ कोडची स्वतःची प्रत घेऊन त्यात एक छोटी दुरुस्ती केली आणि ती तपासणीला पाठवली. ती परत आली. शेरा होता : सोबत चाचणी जोडा. पोर हिरमुसली. अब्बांनी विचारले, “बेटा, यात पैसे किती?” ती म्हणाली, “काहीच नाही.” घरात दोन दिवस अबोला.

आम्ही तिला तिचीच जुनी निबंधाची वही आठवून दिली. लाल शेरा म्हणजे नकार नव्हे. कोणीतरी मन लावून वाचल्याची ती खूण आहे. तिने चाचणी लिहिली आणि दुरुस्ती स्वीकारली गेली.

विहीर खोदणाऱ्याला पाणी पिणाऱ्यांची नावे ठाऊक नसतात, तरी तो सदका-ए-जारिया ठरतो. उपयोगी पडणारे इल्मही तसेच. आपल्या घरात कोड लिहिणारे मूल असेल, तर पैशांचा प्रश्न जरूर विचारा. पण त्याआधी एवढे विचारा : “बेटा, कोणाचे काम सोपे केलेस?”